गच्चीवरचा वाकडा पाइप: मायक्रोप्रोजेक्टच्या नोंदी

१० जानेवारी, शनिवार

कॉलेजात मायक्रोप्रोजेक्टचे विषय वाटले आज. आमच्या चौघांच्या वाट्याला आलं "अनेक बलांचं परिणामी बल, घटक पद्धतीने". म्हणजे रिझल्टंट बाय कंपोनंट्स, सगळ्या बलांची मिळून एकच ओढ किती आणि कुठे ते काढायचं. मागच्या बॅचवाल्यांना विचारलं काय केलंत, तर थर्माकोलच्या शीटवर रंगीत बाण चिकटवलेत आणि खाली फॉर्म्युला लिहिलाय, झालं. बारक्या म्हणाला आपणपण तेच करू, एक संध्याकाळ पुरे. वहीवाली म्हणाली मग मी या ग्रुपमध्ये नाही. (सगळा वर्ग जिच्या वहीचे फोटो काढतो ती वहीवाली. ती गेली तर ग्रुपमध्ये उरतं काय.) डोंबिवलीवाला गप्प होता कारण तो पोचलाच नव्हता, गाडी लेट.

घरी येताना वर बघितलं आणि डोक्यात आलं. आमच्या बिल्डिंगच्या गच्चीवर केबलवाल्याचा एक जीआय (जस्ताचा थर दिलेला लोखंडी) पाइप उभा आहे, चारी बाजूंना तारा गेल्यात त्याच्यावरनं, आणि तो पाइप गेल्या पावसाळ्यापासून चक्क वाकडा झालाय. तारा म्हणजे बलं, पाइप म्हणजे बिंदू, मग थर्माकोल कशाला पाहिजे?

११ जानेवारी, रविवार

गच्चीची चावी सेक्रेटरी काकांकडे असते. दहा मिनिटं प्रश्न झाले, पतंग उडवायला नाही ना, मागच्या वर्षी कौलं कोणी फोडली वगैरे, मग दिली एकदाची.

पाइप दोन इंची, गच्चीपासून साधारण २.८ मीटर उंच, खाली कठड्याला दोन क्लॅम्प. तारा मोजल्या तर पाच दिशा निघाल्या. एक जाडी काळी कोअ‍ॅक्स, म्हणजे टीव्हीची केबल, स्टीलच्या तारेला बांधलेली. एक फायबरच्या चार बारीक केबलींचा जुडगा. एक दोन कोअ‍ॅक्सची जोडी. एक लॅन केबल. आणि एक जुनी पांढरट कोअ‍ॅक्स, पाइपच्या पार टोकाला बांधलेली, जिचं कनेक्शन म्हणे चार वर्षांपूर्वीच बंद झालंय.

गच्चीवर जो येतो तो सांगतो की ती जाडी काळीच पाइप खेचतेय. सेक्रेटरी काका तेच म्हणतात, केबलवाले दादापण तेच म्हणतात, ते तर म्हणाले पुढच्या महिन्यात ती काढून बाजूच्या बिल्डिंगवर टाकतो मग बघा कसा सरळ होतो. मलाही तेच वाटत होतं. दिसतेच तशी ती, अजगरासारखी.

पाइपच्या टोकावरून ओळंबा सोडला (शेजारचे काका गवंडीकाम करतात, त्यांचा आणला), तो बुडापासून ९ सेंटीमीटर लांब पडला. वाकडेपणाची दिशा खडूने मारून ठेवली.

आता दिशा मोजायच्या म्हणून मोबाइलचं कंपास लावलं तर काटा वेड्यासारखा फिरायला लागला. पाइपपासून हात लांब केला की वेगळं उत्तर, टाकीकडे सरकलं की तिसरंच. लोखंडाला चिकटून कंपास वापरणारे आम्हीच शहाणे! शेवटी उत्तर दिशा सोडूनच दिली. नाहीतरी एक्स अक्ष कुठे धरायचा हे आपल्याच हातात असतं, फक्त एकदा धरला की हलवायचा नाही. पाइपच्या बुडातून कठड्याला समांतर रेल्वेच्या दिशेने खडूची लांब रेघ मारली, ती प्लस एक्स. रेल्वेकडे तोंड करून उभं राहिलं की डावीकडे प्लस वाय. काटकोन ३-४-५ ने काढला, म्हणजे ९० सेंटीमीटर, १२० सेंटीमीटर आणि मधला तिरका दीड मीटर, गवंडी काका जसा खोलीचा काटकोन काढतात तसाच.

१४ जानेवारी, बुधवार

संक्रांत. काम शून्य. गच्चीवर पन्नास माणसं, खडूच्या रेघा पुसल्या पायांनी. जाड्या काळीवर दोन पतंग अडकलेत. तिळगूळ मात्र भरपूर.

१७ जानेवारी, शनिवार

आजचा दिवस भारी गेला म्हणून सविस्तर लिहितोय.

तारा हवेत आणि रेघा जमिनीवर, मग कोन मोजायचा कसा? डोंबिवलीवाल्याने आयडिया काढली (तो आज वेळेवर होता, याची वेगळी नोंद व्हायला हवी). पाइपपासून दीड मीटरवर जमिनीवर खडूचं वर्तुळ काढायचं, स्टुलावर चढून प्रत्येक तारेखाली ओळंबा धरायचा, आणि ओळंब्याचं टोक वर्तुळावर येईल तिथे फुली मारायची. म्हणजे तारेची सावलीच पडली समजा, ऊन अगदी सरळ डोक्यावरून आलं तर पडेल तशी. मग बुडापासून फुलीपर्यंत रेघ मारून कोनमापक लावायचा. कोनमापक माझ्या भावाचा, सहावीचा, दहा सेंटीमीटरचा. त्याने दोन-तीन डिग्रीची चूक अगदी आरामात होते.

तेव्हा वहीवाली म्हणाली, कोन पाहिजेच कशाला?

आम्ही तिघं तिच्याकडे बघतोय. ती म्हणाली, अरे, कॉस थीटा म्हणजे शेवटी काय, आडवं अंतर भागिले तिरकं अंतर. आडवं तर टेपने मोजता येतंय, मग आधी कोन मोजायचा, मग कॅल्क्युलेटरला त्याचा कॉस विचारायचा, हा उलटा घास घ्यायचा कशाला. जोडी-कोअ‍ॅक्सची फुली घेतली. वाय रेघेपासून १४१ सेंटीमीटर मागे, एक्स रेघेपासून ५१ सेंटीमीटर डावीकडे. १४१ भागिले १५० म्हणजे ०.९४, ५१ भागिले १५० म्हणजे ०.३४. मागे आहे म्हणून पहिल्याला वजा. संपलं. टेबलमध्ये बघितलं तर १६० डिग्रीचे कॉस आणि साइन अगदी हेच.

मला खरं सांगायचं तर दहावीपासून साइन कॉस म्हणजे कॅल्क्युलेटरची बटणं वाटायची. आज पहिल्यांदा दिसलं की घटक म्हणजे फक्त एवढंच, ही तार रेल्वेकडे किती ओढते आणि डावीकडे किती ओढते. एक तिरकी ओढ काढून टाकायची आणि तिच्या जागी दोन सरळ ओढी ठेवायच्या, पाइपला फरक कळणारही नाही. आणि वजा चिन्ह कुठून आणायचं हा प्रश्नच येत नाही, फुली रेघेच्या ज्या बाजूला तेच चिन्ह.

रिपोर्टमध्ये कोन लिहावेच लागतात म्हणून मागाहून काढले. काळी २०, फायबर ११०, पांढरी १४०, जोडी १६०, लॅन २०५ डिग्री. सगळे रेल्वेच्या रेघेपासून डावीकडे फिरत मोजलेले.

१८ जानेवारी, रविवार

दिशा झाल्या, आता ओढ किती? तार सोडवून काटा लावणं हा सरळ उपाय, पण दादा म्हणाले सीझन चालू आहे, मॅचच्या वेळी कोणाचं चॅनल गेलं तर लोक माझ्या घरी येतील. बरोबर आहे त्यांचं.

मग झोळावरून काढायचं ठरलं. तार जेवढी ताठ तेवढा झोळ कमी. फॉर्म्युला पुस्तकात मिळतो, ताण बरोबर डब्ल्यू एल वर्ग भागिले ८ डी (डब्ल्यू मीटरमागे वजन, एल दोन टोकांमधलं अंतर, डी झोळ), पण तो कुठून येतो ते सर नक्की विचारणार म्हणून बसून काढला. अर्धीच तार घ्यायची. तिचं वजन तिच्या मध्यावर, म्हणजे टोकापासून पाव अंतरावर. ते वजन तिला खाली फिरवतंय, आणि मधल्या खालच्या बिंदूवरची आडवी ओढ झोळाच्या उंचीने तिला परत फिरवतेय. दोन्ही मोमेंट (ओढ गुणिले अंतर) सारखे. जाड्या काळीचा दहा मीटरचा तुकडा दादांकडून घेऊन खालच्या वाण्याच्या काट्यावर ठेवला, १ किलो ४०० ग्रॅम, म्हणजे मीटरला १४० ग्रॅम. समोरच्या बिल्डिंगपर्यंत २४ मीटर. अर्धी तार १.६८ किलो, ६ मीटरवर, गुणाकार १०.०८, झोळ ७० सेंटीमीटर, भागाकार १४.४ किलो. मला वाटलं होतं शंभर-दीडशे किलो तरी असेल.

झोळ मोजायची गंमत वेगळीच. बारक्या समोरच्या गच्चीवर, मी इकडे, दोघांकडे एकेक काठी, फोन चालू. तार जिथे बांधलीय तिथून तो खाली ७० सेंटीमीटरवर लाल फडकं बांधणार, मी माझ्याकडे तेवढ्याच खाली डोळा लावणार, आणि नजरेची रेघ तारेच्या पोटाला घासून फडक्यावर गेली की झोळ ७०. नाही घासली तर दोघांनी मिळून खाली-वर. समोरच्या बिल्डिंगमधल्या एका आजींनी बारक्याला विचारलं की बाळा, हा कसला सिग्नल चाललाय. तो म्हणाला, अभ्यास. आजींना काही पटलं नाही.

बाकीचे आकडे: फायबर मीटरला १०० ग्रॅम, अंतर ३० मीटर, झोळ ९०, ताण १२.५ किलो. जोडी १२० ग्रॅम, २० मीटर, झोळ ५०, ताण १२. लॅन ८० ग्रॅम, २८ मीटर, झोळ ८०, ताण ९.८. पांढरी ७० ग्रॅम, १६ मीटर, झोळ फक्त २०, ताण ११.२.

पांढरीचं बघा. सगळ्यात हलकी, सगळ्यात छोटी, बंद पडलेली, आणि ताण जवळपास बाकीच्यांएवढा! एवढी ताठ कोणी बांधली असेल? तिच्यात एक भानगड पण आहे, झोळच २० असल्यामुळे २ सेंटीमीटर इकडेतिकडे झाले तर उत्तर १०.२ ते १२.४ च्या मध्ये कुठेही जातं. हे रिपोर्टमध्ये लिहायचं, लपवायचं नाही (वहीवालीचा आदेश).

किलो की न्यूटन यावर वाद झाला. सरांना न्यूटन लागतात, तेव्हा रिपोर्टमध्ये शेवटी ९.८१ ने गुणू. मधली सगळी गणितं किलोतच, कारण सगळ्या तारांना एकाच आकड्याने गुणायचं असेल तर दिशा बदलत नाही आणि वाण्याचा काटा किलोच दाखवतो.

२० जानेवारी, मंगळवार

कॅन्टीनमध्ये बसून बेरीज केली. आधी एक्स, मग वाय:

काळी: १३.५३ आणि ४.९२
फायबर: वजा ४.२८ आणि ११.७५
पांढरी: वजा ८.५८ आणि ७.२०
जोडी: वजा ११.२८ आणि ४.१०
लॅन: वजा ८.८८ आणि वजा ४.१४

सिग्मा एफएक्स (म्हणजे सगळ्या एक्सची बेरीज) वजा १९.४९, सिग्मा एफवाय २३.८३. वर्गांची बेरीज, वर्गमूळ, ३०.८ किलो. पाचही ताण नुसते मिळवले तर ५९.९ होतात, म्हणजे जवळजवळ अर्धी ओढ तारा आपसातच मारामारी करून संपवतात.

दिशेसाठी बारक्याने वाय भागिले एक्स करून टॅन इन्व्हर्स (भागाकारावरून कोन देणारं बटण) दाबलं, आलं वजा ५०.७. त्याने लगेच लिहून टाकलं, रिझल्टंट वजा ५०.७ डिग्री, म्हणजे पाइप रेल्वेकडे आणि उजवीकडे ओढला जातोय, म्हणून पाइप सरळ करायला ताणाची तार उलट बाजूला, १२९.३ डिग्रीवर लावायची. सगळ्यांनी माना डोलावल्या. मीपण! चहा प्यायलो आणि घरी गेलो.

रात्री साडेअकराला अंथरुणात पडल्यावर डोक्यात आलं की गच्चीवर वाकडेपणाची रेघ मारलीय ती तर डावीकडे मागे आहे, रेल्वेच्या उलट. म्हणजे पाइप ज्या बाजूला कललाय त्याच बाजूला आम्ही अजून एक तार लावून खेचणार होतो.

चूक सोपी होती. वाय प्लस आणि एक्स मायनस, म्हणजे दुसरा चतुर्थांश. पण भागाकार केला की कॅल्क्युलेटरला एकच वजा दिसतं, ते वरचं की खालचं हे त्याला कुठून कळणार, तो बिचारा कायम एक्स प्लस असलेल्या अर्ध्यातलंच उत्तर देतो. एक्स मायनस असेल तर १८० आपण मिळवायचे. १८० वजा ५०.७, १२९.३. हा झाला रिझल्टंट, आणि बारक्याचं वजा ५०.७ ही बरोबर उलटी म्हणजे ताणाची दिशा. म्हणजे दोन्ही आकडे बरोबर आणि नावं उलटी! सकाळी क्लासच्या आधी गच्चीवर जाऊन वाकडेपणाची रेघ मोजली, १३० च्या आसपास. फार बरं वाटलं.

मग एक खेळ केला, एकेक तार कागदावर कापून बघितली. जाडी काळी काढली तर रिझल्टंट ३०.८ चा ३८ होतो. वाढतो! कारण पाचातली ती एकटीच रेल्वेकडे ओढतेय, बाकी चौघी एका बाजूला आणि ही बिचारी एकटी पाइपला धरून उभी आहे. आणि पांढरी काढली तर ३०.८ चा सरळ १९.९. ताण ११.२ आणि फायदा १०.९, कारण ती जवळपास रिझल्टंटच्याच दिशेने खेचतेय, तिचा थेंबभरही वाया जात नाही.

दादांना फोन केला, काळी काढू नका. ते म्हणाले तू शिकतोस ना अजून? म्हटलं हो. म्हणाले बरं, बघू.

२४ जानेवारी, शनिवार

दादांना पटवायला आणि सरांना दाखवायला मॉडेल. कॉलेजच्या लॅबमध्ये ग्रेव्हसँडचा उभा बोर्ड आहे पण तो दोन पुली आणि तीन बलांचा, आम्हाला पाहिजे सहा, पाच तारा आणि एक ताण. म्हणून प्लायचा गोल तुकडा, कडेला डिग्र्या, आणि पुली म्हणून स्लायडिंग खिडकीचे रोलर. मधे खिळा, खिळ्याभोवती किल्ल्यांची रिंग, रिंगला दोरे, दोऱ्यांना नटबोल्टच्या पिशव्या. एक किलोला दहा ग्रॅम. काळी १४४ ग्रॅम, पांढरी ११२, असं. सहावा दोरा ३०९.३ डिग्रीवर, ३०८ ग्रॅम.

रिंग खिळ्याच्या बरोबर मधे आली. टाळ्या. मग वहीवालीने सहाव्या पिशवीतून १० ग्रॅम काढले, रिंग हललीच नाही. २८५ पासून ३३० ग्रॅमपर्यंत काहीही ठेवा, रिंग मधेच. म्हणजे आमची टाळी रोलरच्या घर्षणालाच. शिवणयंत्राचं तेल सोडलं, दरवेळी प्लायवर टिचकी मारायची सवय लावली, मग २९८ ते ३१६ पर्यंत आलं. याच्या खाली खिडकीचे रोलर जात नाहीत.

ग्राफ पेपरवर बलांचा बहुभुज पण काढला, एक सेंटीमीटरला दोन किलो, तारा एकापुढे एक जोडत गेलो, शेवटची बंद करणारी बाजू १५.३ सेंटीमीटर भरली, ३०.६ किलो. पेन्सिल बोथट होती तरी चालून गेलं.

२५ जानेवारी, रविवार

सकाळी आठला सहज ओळंबा सोडला तर ९.८ सेंटीमीटर. दोन आठवडे ९ येतोय! दुपारी परत ९. वारा नव्हता. डोंबिवलीवाल्याचं म्हणणं सकाळी थंडीने तारा आखडतात, ताण वाढतो. ऐकायला बरोबर आहे, पण मुंबईच्या जानेवारीत अशी थंडी असते कितीशी, आणि मग काल सकाळी का नाही वाढला? काल सकाळी मी स्वतः मोजलं होतं, ९.

३१ जानेवारी, शनिवार

सरांना अर्धवट रिपोर्ट दाखवला. त्यांनी एकच प्रश्न विचारला आणि आमची हवा गेली: सगळ्या तारा एकाच उंचीवर आहेत का? एका बिंदूतून जात असतील तर नुसती बेरीज चालते. पाइप बुडाशी धरलाय, मग कोण किती उंचीवरून खेचतंय हे बघायला नको?

तीन तारा २.४ मीटरवर आहेत, लॅन २.० वर, पांढरी २.८ वर. सगळ्यांना २.४ वर आणलं, म्हणजे लॅनला २.० भागिले २.४ ने गुणलं आणि पांढरीला २.८ भागिले २.४ ने. नवीन बेरीज: एक्स वजा १९.४, वाय २५.७, रिझल्टंट ३२.२ किलो, १२७ डिग्री. फार नाही बदललं, पण पांढरीचा वाटा ११.२ वरून १३.१ झाला. टोकाला बांधून तिने वर दीड-दोन किलो फुकटात मिळवलेत.

प्रस्तावनेला इतिहास हवा म्हणून वहीवालीने अर्धं पान लिहिलं. सायमन स्टेव्हिनने १५८६ च्या ग्रंथात उतारावर साखळी टाकून तिरक्या ओढीचा हिशोब मांडला, आणि बलांचा समांतरभुज चौकोन न्यूटन आणि व्हारिग्नॉन दोघांच्याही पुस्तकांत १६८७ सालीच छापला गेला. मला साखळीवाली गोष्ट आवडली. तारा लोंबकळताना बघूनच माणसाला सुचत असणार हे सगळं.

१ फेब्रुवारी, रविवार

गूढ उकललं. सकाळी साडेसातला दुर्बीण घेऊन (भावाची, प्लॅस्टिकची) पांढरी तार पार टोकापर्यंत बघत गेलो. समोरच्या तिसऱ्या मजल्यावर गॅलरीच्या ग्रिलला तिला तीन वेढे, आणि तारेवर दोन चादरी, एक टॉवेल आणि शाळेचा युनिफॉर्म.

गेलो समोर. मावशी म्हणाल्या, अरे ती तार बंद आहे ना कधीची, कोणाची नाही म्हणून आमच्या ह्यांनी खेचून घट्ट बांधली, चादरी जमिनीला लागायच्या नाहीतर. चार वर्षं झाली. त्या फक्त रविवारी चादरी धुतात. म्हणजे रविवारी सकाळी ओल्या चादरींचं वजन आणि दुपारपर्यंत वाळल्या की परत ९. डोंबिवलीवाल्याची थंडी गेली उडत.

मावशींनी चहा दिला, तार मात्र द्यायला तयार नाहीत. पोरांनो, कपडे कुठे वाळत घालू मग?

७ फेब्रुवारी, शनिवार

मॉडेल बघून दादा तयार झाले (काळीची पिशवी काढली आणि रिंग सरकून खिळ्याला आपटली, ते त्यांनी स्वतः चार वेळा करून बघितलं). मावशींना नवीन दोरी बांधून द्यायची या अटीवर तार सुटली. पांढरी गेली की उरतात एक्स वजा ९.४ आणि वाय १७.३, म्हणजे १९.७ किलो, ११८.६ डिग्री. ताण लावायचा उलट, २९८.६ वर.

पण २९८.६ वर आहे काय? मोकळी गच्ची. तिथे हूक ठोकतो म्हटल्यावर सेक्रेटरी काका एवढे चिडले की काय सांगू, मागच्याच वर्षी वॉटरप्रूफिंग झालंय, एक भोक पाडलंत तर खालच्या फ्लॅटवाल्यांना उत्तर तुम्ही द्यायचं. आता भोकं न पाडता जे आहे त्यातच. टाकीच्या खांबाला जुना हूक आहे २८५ डिग्रीवर, आणि जिन्याच्या केबिनच्या भिंतीत एक कडी आहे ३४० वर. दोन्ही चुकीच्या दिशेला, पण पाहिजे ती दिशा बरोबर दोघांच्या मधे पडते. म्हणजे उलटं गणित, रिझल्टंट माहीत आहे आणि दोन बलं काढायची. एक्सचं एक समीकरण, वायचं एक. हुकाकडे १५.९ किलो, कडीकडे ५.६. परत घटक काढून मिळवले, ९.४ आणि वजा १७.३ आले. बरोबर.

हे आकडे आडव्या ओढीचे. हुकाची तार तिरकी उतरते, आडव्यात ३ मीटर आणि १.८ मीटर खाली, म्हणून तारेत ताण १५.९ भागिले ०.८५७, साधारण १८.५ किलो ठेवावा लागेल. कडी पाइपच्या २.४ च्या उंचीलाच आहे, तिथे ५.६ म्हणजे ५.६.

नागदेवी स्ट्रीटवरून जीआय तार, दोन टर्नबकल (फिरवून तार ताणायचे) आणि यू क्लॅम्प आणले. दुकानदाराने विचारलं किती टनाचं पाहिजे. बारक्या म्हणाला एकोणीस किलोचं. ते आमच्याकडे बघत बसले.

८ फेब्रुवारी, रविवार

पाइपवर दादाच चढले, आम्हाला कोणी चढू दिलं नाही. पांढरी सोडताना तिच्या टोकाला लगेज काटा अडकवला (गावाला जाताना बॅग मोजायचा), ११.६ दाखवले. झोळावरून आम्ही ११.२ काढले होते! वहीवाली काही बोलली नाही, फक्त वही उघडून त्या आकड्याला गोल केला.

तार सुटल्यावर ओळंबा ९ वरून ६ वर. मग ताण. टर्नबकलच्या मधे तोच काटा लावला आणि फिरवत गेलो. त्या काट्याला एक वाईट खोड आहे, आकडा दोन सेकंद स्थिर राहिला की तो लॉक होतो आणि पुढचं काही दाखवत नाही, म्हणून दर दोन वेढ्यांनी बंद-चालू. शिवाय हुकाची तार ताणली की कडीची सैल पडते, कडीची ताणली की हुकाची बदलते, असं चार वेळा इकडून तिकडे केल्यावर १८.३ आणि ५.९ वर थांबलो. शेवटचा ओळंबा २ सेंटीमीटर. हे दोन जाणार नाहीत, खालचा क्लॅम्पच वाकलाय, तो पावसाळ्याआधी बदलतो म्हणाले दादा. जाड्या काळीला कोणी हात लावला नाही. पतंग अजून तसेच आहेत तिच्यावर.

संध्याकाळी मावशींकडे नायलॉनची दोरी बांधून दिली, गॅलरीतल्या गॅलरीत, दोन ग्रिलच्या मधे. त्या म्हणाल्या झोळ नको हं ठेवू, चादरी लागतात. झोळ कमी केला की ताण किती वाढतो ते बारक्या त्यांना समजावत होता, त्यांनी त्याच्या हातात चिमट्यांची टोपली दिली आणि म्हणाल्या तू धर हे.

१० फेब्रुवारी, मंगळवार

खर्चाचा तक्ता रिपोर्टला जोडायचा असतो. प्लाय घरचा, रोलर १२०, तार टर्नबकल क्लॅम्प मिळून ४१०, शिवणयंत्राचं तेल आईचं. शेवटची ओळ, नायलॉन दोरी, १० मीटर, ६० रुपये. सरांनी तिथेच बोट ठेवलं, ही कशाला लागली? वहीवाली म्हणाली, सर, एक बल काढून टाकायला.